भोक पाडतो, फोडत नाही

ऑक्टोपस शिंपला चोचीनेच फोडतो, असं काहीजण म्हणतात. खेकड्याच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं, पण जाड शिंपल्यापुढे चोच हरते. आधी तो चूषकांनी (हातांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांनी) शिंपल्याच्या दोन्ही झडपा धरून ओढून बघतो. त्यात ताकद जाते, वेळ मात्र वाचतो. नाहीच जमलं तर भोक. तोंडातली दातेरी पट्टी आणि लाळग्रंथीचं दातेरी टोक यांनी कवच खरवडत, लाळेने मऊ करत तो जेमतेम १ मिलिमीटरचं किंवा त्याहूनही लहान छिद्र पाडतो. बऱ्याचदा जागाही नेमकी: झडपा मिटून धरणारा स्नायू जिथे चिकटलेला असतो, तिथेच. मग विषारी लाळ आत, स्नायू ढिला, शिंपला उघडा.

घास बारीकच घ्यावा लागतो, कारण अन्ननलिका चक्क मेंदूच्या मधून जाते. (ही रचना जरा घाईत झालेली दिसते!)

आणि पाण्याची पिचकारी मारत पोहणं हा त्याचा रोजचा प्रवास नव्हे. ३ हृदयांपैकी अंगाला रक्त पुरवणारं हृदय तेव्हा थांबतं, त्यामुळे तो पटकन दमतो. एरवी तळावरून सरपटणंच परवडतं.