मदत हवी आहे : एकट्या नगरसेविकेच्या हातात नेमकं काय असतं?

मैत्रीण अपक्ष म्हणून नगरपरिषदेला उभी आहे, जाहीरनामा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. सतरा मुद्द्यांचे छाटून तीन केले. बाजारपेठेतले बंद गाळे पुन्हा सुरू करणं, परिषदेची खरेदी शक्य तितकी गावातूनच होणं आणि वॉर्डाच्या निधीतला काही हिस्सा कशावर खर्च करायचा ते रहिवाशांनी ठरवणं.

खरेदीसाठी इंग्लंडमधल्या प्रेस्टनचा दाखला घेतलाय. तिथल्या सहा मोठ्या संस्थांच्या खरेदीत शहरातल्या पुरवठादारांचा वाटा २०१२-१३ मध्ये ५ टक्के होता, तो २०१६-१७ पर्यंत १८.२ टक्क्यांवर गेला. निधीसाठी ब्राझीलमधलं पोर्तो अलेग्रे, तिथे खर्च रहिवाशांनी ठरवणं १९८९ पासून सुरू झालं. पण दोन्हीकडे सत्ता हाताशी होती, ही एकटी!

कच्चा मसुदा बैठकीत वाचला. एका दुकानदाराने शांतपणे विचारलं, "गाळा खाजगी मालकाचा. कुलूप तुम्ही कशाने उघडणार?" उत्तर नव्हतं. तो मुद्दा बहुतेक गाळावाच लागेल.

मर्यादा अशा : मजकूर एक पान, करवाढ नाही, मोठं बांधकाम नाही (नंतर देखभालीला पैसे कुठून आणायचे?). 'तिन्ही ठेवा' असं कृपया सुचवू नका, तो वाद घरात झालाय.

ज्यांनी सभागृहात काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांना विचारतो : यातलं कोणतं काम एकटी सदस्य पहिल्या वर्षात प्रस्ताव मांडून, पाठपुरावा करून खरंच मार्गी लावू शकते? आणि वर्षाअखेरीस लोकांना ताडून पाहता यावं म्हणून त्यापुढे कोणता आकडा लिहावा?