गीझर दिवसभर चालू ठेवावा का?

प्रश्न: १५ लिटरचा, २००० वॉटचा गीझर आहे. सतत चालू ठेवला तर वीज वाचते का?

उत्तर १: अजिबात नाही. टाकीतली उष्णता बाहेर जातच राहते, थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापमानाला ठेवणारा स्विच) ती पुन्हा पुन्हा भरून काढतो. २५ अंशांचं पाणी ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट, म्हणजे १८ मिनिटं लागतात. आंघोळीआधी तेवढाच लावा.

उत्तर २: थर्मोस्टॅटचा काटा ५० अंशांवर ठेवा. टाकीत उरलेलं पाणी कमी उष्णता वाया घालवतं.

उत्तर ३: बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा क्षार चढतो. पाणी उशिरा तापतं, शेवटी कॉइल जळते. वर्षातून एकदा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडून, टाकी रिकामी करून कॉइल काढा, व्हिनेगरमध्ये भिजवा. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा दांडा झिजून बारीक झाला असेल तर बदला. रबरी वॉशर मात्र नवाच घाला, जुना हमखास गळतो.