दुःखामुळे रमाबाई लगेच ख्रिस्ताकडे वळल्या?

'एकामागोमाग एक मृत्यू पाहून पंडिता रमाबाई खचल्या आणि ख्रिस्ती झाल्या,' असं पुष्कळदा म्हटलं जातं, ते पटत नाही. मृत्यू खरेच. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवरा. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. पण १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला त्यामागे त्यांनी स्वतः सांगितलेलं कारण वेगळं आहे. लंडनमधल्या फुलहॅमला सिस्टर लोक (ख्रिस्ती जोगिणी) 'वाया गेलेल्या' म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना माणसासारखं वागवताना त्यांनी पाहिलं, आणि बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकली (लोक जिला हलकं मानत, तिच्याशी येशू आपणहून बोलतो). मनाला शांती मिळाली ती त्यानंतर आठेक वर्षांनी. आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्या लिहितात.

ही आठ वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. माझा धाकटा भाऊ अपघातात गेला तेव्हा तिसऱ्याच दिवशी लोक 'देवाची इच्छा, आता रडू नकोस' म्हणायला लागले (चांगल्या मनानंच, पण डोक्यात जायचं). आमच्या चर्चमधल्या एक म्हाताऱ्या बाई मात्र रोज संध्याकाळी यायच्या, आईशेजारी चटईवर बसून वाटाणे सोलायच्या आणि जाताना एक स्तोत्र वाचायच्या. आईनं 'आमेन' म्हणायला पावसाळा उलटला. बाईंनी एकदाही विचारलं नाही.