स्लायडर चकतीवर उघडतो आणि दोन्हींची कंपनं एकमेकांत मिसळतात

षड्ज_सांगली
नमस्कार मंडळी. अँड्रॉइडवर तानपुऱ्याचं एक ॲप करतेय, खरं तर एकाच माणसासाठी. आमचे गुरुजी ७४ वर्षांचे आहेत, काचबिंदूमुळे दृष्टी जवळजवळ गेलीय. पडद्यावर पट्टीची गोल चकती आहे, बारा घरांची. बोट फिरवलं की दर घराला फोनच्या कंपनाचा एक ठोका बसतो: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन... हे त्यांना पहिल्याच दिवशी जमलं.

पण पेट्या सगळ्या एका सुरात नसतात. क्लासमधली आमची पेटी १२ सेंट चढी आहे (दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंट). म्हणून चकतीवर बोट दाबून धरलं की तिच्यावरच बारीक सुराचा आडवा स्लायडर उघडतो, उणे ५० ते अधिक ५०. बोट न उचलता सरकवायचं. स्लायडर दुसरीकडे ठेवायचा नाही, कारण बोट उचललं की गुरुजींना जागा पुन्हा चाचपडत शोधावी लागते.

आता स्लायडर उघडला तरी खालची चकती टिकटिकतच राहते. गुरुजी म्हणाले, "अगं, दोघं जण एकाच तबल्यावर वाजवतायत, बोल कुणाचा ते कळेना." काल तर सूर लावता लावता पट्टीच काळी एकवरून पांढरी दोनवर गेली आणि सगळ्या मुली तिथूनच गायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. स्लायडरला एलिव्हेशन (वरच्या थरावर दाखवण्याची उंची) दिलंय, तो वर दिसतोही. चकतीला येणारी बोटाची हालचाल मीच पुढे स्लायडरला देते. मग चूक कुठे?

खालचा_थर
ताई, वर काय दिसतं याचा इथे उपयोग नाही. बोट टेकताना ज्या व्ह्यूने (पडद्यावरच्या घटकाने) स्पर्श घेतला, त्याच्याकडेच बोट उचलेपर्यंत सगळ्या हालचाली जातात. स्लायडर नंतर उघडलाय, त्यामुळे मालक अजून चकतीच आहे. तुम्ही हालचाल पुढे देता, पण चकतीही ती वापरते.

दोन्हींना एका कंटेनरमध्ये, म्हणजे त्यांना सामावणाऱ्या बाहेरच्या व्ह्यूमध्ये घ्या. स्लायडर उघडला की कंटेनरच्या ऑनइंटरसेप्टटचइव्हेंटमधून (आतल्या व्ह्यूकडे जाणारा स्पर्श मध्येच अडवणारी पद्धत) ट्रू परत करा. चकतीला ॲक्शन कॅन्सल (स्पर्श रद्द झाल्याचा निरोप) मिळेल, तेव्हा पट्टी आहे तिथेच गोठवा. पुढच्या हालचाली कंटेनरच्या स्वतःच्या ऑनटचइव्हेंटमध्ये येतील, आपोआप स्लायडरकडे जाणार नाहीत. तिथून स्लायडरला द्या. आणि कंपनाचा कोड दोन्ही व्ह्यूंमधून काढून कंटेनरमध्ये आणा. कंपनाची मोटर एकच आहे, तिला हुकूम देणाराही एकच हवा.

षड्ज_सांगली
केलं, पण हालचाल सुरू झाली की कंटेनरची ती पद्धत बोलावलीच जात नाही. लॉग कोरा. चकती एका स्क्रोलच्या (सरकत्या पानाच्या) आत आहे, फिरवताना पान सरकू नये म्हणून तिच्यात रिक्वेस्टडिसअलाउइंटरसेप्ट, म्हणजे 'स्पर्श अडवू नका' ही विनंती लावलीय. त्याचा संबंध असेल का?

खालचा_थर
तेच कारण. ती विनंती वरच्या सगळ्या पालकांपर्यंत (बाहेरच्या व्ह्यूंपर्यंत) जाते, म्हणून स्क्रोलबरोबर तुमचा कंटेनरही अडतो. चकतीतून ती काढा आणि कंटेनरला ती त्याच्या पालकाकडे करू द्या.

नाशिक_टॉकबॅक
मी स्वतः टॉकबॅक (अँड्रॉइडची पडदा वाचून दाखवणारी सोय) वापरतो, म्हणून बोटाच्या बाजूने सांगतो. दर सेंटला टिक देऊ नका. साध्या फोनमध्ये वजन लावलेली फिरती मोटर असते, तिला सुरू व्हायला आणि थांबायला वेळ लागतो. जवळजवळच्या टिका मिळून नुसती घरघर होते. ५ सेंटांवर एक टिक पुरे. बोट भर्रकन गेलं तर मधल्या टिका सोडून द्या, रांगेत लावू नका, नाहीतर बोट थांबल्यावरही फोन वाजत राहतो. अशा मोटरवर हलका-जोरदार हा फरकही नीट लागत नाही, म्हणून शून्याला दोन ठोके द्या.

गुरुजींचं बोट थरथरत असेल तर टिकेच्या रेषेवर ठोक्यांचा मारा होईल. रेषा ओलांडून २ सेंट पुढे गेल्यावरच टिक वाजवा, परतताना तसंच.

टॉकबॅक चालू असेल तर दाबून धरण्याची रीत बदलते, दोनदा टॅप करून धरावं लागतं, आणि त्याची स्वतःची कंपनं त्यात मिसळतात. तेव्हा स्लायडरला रेंज (किमान ते कमाल मूल्यांचा पट्टा) म्हणून जाहीर करा आणि मूल्य बदलण्याची कृतीही जोडा, म्हणजे आवाजाच्या बटणांनीही सूर वर-खाली करता येईल. आणि तो उघडा असेपर्यंत खालची चकती टॉकबॅकपासून लपवा.

षड्ज_सांगली
दोघांचे मनापासून आभार. आज क्लासमध्ये गुरुजींनी काळी एक धरली, दाबून ठेवलं, शून्याचे दोन ठोके ओळखले, उजवीकडे दोन टिका मोजल्या आणि मग पेटी ऐकत बोट किंचित मागेपुढे केलं. स्लायडर १२ वर थांबला होता. पट्टी हलली नाही. चकती लपवायचं काम उद्या सकाळी करते.