उरण इतके जवळ असूनही वायूच्या दराची आणि पुरवठ्याची शाश्वती का नाही?

प्रश्न (ऐरोली): आमच्या इमारतीच्या जिन्यालगत गॅसची पिवळी पाइप दोन पावसाळे टोपण लावून उभी आहे, रस्त्यापलीकडच्या मुख्य वाहिनीपर्यंतचे काम खोदाईच्या परवानगीअभावी अडले आहे. माझे यजमान रिक्षा चालवतात, त्यामुळे सीएनजीचा दर वाढला की त्याची झळ त्याच दिवशी घरात पोचते. मुंबई हायचा वायू शेजारच्या उरणला किनाऱ्यावर येतो, तरी आपल्याला ही चिंता का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (कोपरी, ठाणे): ताई, येथे अंतरापेक्षा वाटप महत्त्वाचे आहे. मुंबई हायसारख्या जुन्या वायूक्षेत्रांतला वायू कोणाला किती द्यायचा हे केंद्र सरकार ठरवते. त्याचा दर एप्रिल २०२३ पासून भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के धरला जातो, आणि त्याला सुरुवातीला दहा लाख बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचे माप) किमान ४ व कमाल ६.५ डॉलर अशी मर्यादा घातली होती. या स्वस्त वायूवर पहिला हक्क घरगुती जोडण्यांचा; सीएनजीच्या वाट्याला उरलेला येतो. विहिरी आटत आहेत आणि ग्राहक वाढत आहेत, म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सीएनजीचा वाटा दोनदा कापला गेला आणि वितरकांना, म्हणजे शहरात गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांना, ती तूट महाग वायू घेऊन भरावी लागली. परदेशी वायू आपल्याकडे द्रवरूपात जहाजानेच येतो. इराणहून पाकिस्तानमार्गे यायची वाहिनी किंमत आणि सुरक्षिततेच्या प्रश्नांवर अडली, आणि तुर्कमेनिस्तानहून येणारी, जिचे काम डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले, ती अजून भारतापर्यंत पोचलेली नाही.

उत्तर २ (वाशी): वाटपाचा मुद्दा खरा, पण वायू असूनही वाहिनीअभावी तो अडतो, हे मला अधिक गंभीर वाटते. कोचीचे वर्षाला ५० लाख टन क्षमतेचे द्रवरूप वायूचे टर्मिनल, म्हणजे जहाजातून तो उतरवून पुन्हा वायूरूप करण्याचे ठिकाण, २०१३ मध्ये तयार झाले. मंगळुरूपर्यंतची सुमारे ४५० किलोमीटरची वाहिनी मात्र जमीनमालकांच्या विरोधामुळे रखडत जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली, आणि तोवर त्या टर्मिनलची बहुतांश क्षमता पडून राहिली. तुमच्या जिन्यातली पाइप हे त्याचेच घरगुती रूप आहे. दराबाबत आणखी एक गोष्ट सांगतो: पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ वितरकाला पुरवठ्याचा भाग नेमून देते, पण त्याच्या जाळ्याचे, म्हणजे वाहिन्यांच्या वापराचे, शुल्क ठरवण्याचा अधिकार मंडळाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. मला ही उणीव मोठी वाटते.

प्रश्नकर्ती: दोघांचे मनापासून आभार. म्हणजे रिक्षाच्या स्वस्त वायूचा वाटा दिल्लीत ठरतो आणि आमची पाइप इथे अडते. मग आम्ही कोठे विचारावे?

उत्तर २: सोसायटीच्या लेटरहेडवर वितरकाकडून खोदाईच्या अर्जाची तारीख आणि क्रमांक लेखी मागा. पावसाळ्यात रस्ते खोदू देत नाहीत, म्हणून हे पत्र दिवाळीपूर्वीच जायला हवे.