प्राण्यांवरील गोष्टींचा तास (वय ३ ते ६): आखणी कशी करावी?

प्रश्न:
आमच्या ग्रंथालयाच्या बालविभागात ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी प्राण्यांवर आधारित अर्ध्या तासाचे कथाकथन ठेवायचे आहे. साधारण १५ मुले पालकांसह येतील. मागच्या खेपेला मी दहा-बारा प्राणी एकापाठोपाठ एक घेतले. चौथ्या प्राण्यापर्यंत मुले रंगली, पण नंतर निम्मी उठून कपाटांकडे वळली, आणि मी सिंहाचा मुखवटा चढवताच एक मुलगी जी रडू लागली, ती शेवटपर्यंत आईच्या मांडीवरून उतरली नाही. पुस्तके कशी निवडावीत, अधूनमधून कोणते खेळ घ्यावेत आणि जिवंत कासव आणणे योग्य ठरेल का, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
माझ्या मते चूक प्राण्यांच्या निवडीत नसून त्यांच्या गर्दीत आहे. ‘प्राणी’ हा विषय लहान मुलांसाठी फार पसरट आहे, म्हणून त्यातला एकच धागा धरावा. मी एकदा केवळ ‘शेपूट’ हा विषय घेतला होता. घोडा शेपटाने माश्या हाकलतो, मगर शेपटाच्या जोरावर पोहते, कांगारू सावकाश चालताना शेपटाचा पाचव्या पायासारखा आधार घेतो, आणि पाल संकटात शेपूट टाकून पळते. ते तुटलेले शेपूट काही वेळ वळवळत राहते, त्यामुळे शत्रूचे लक्ष तिकडेच गुंतते. हे सांगताना मी कापडाची एक पट्टी कमरेला खोचली होती. पालीची पाळी येताच ती हळूच खाली सोडली, तेव्हा मागे बसलेली मुलेही गुडघ्यांवर उभी राहून पाहू लागली. बेडूक मी शेवटी ठेवला होता, कारण त्याच्या पिल्लाला शेपूट असते आणि मोठेपणी ते उरत नाही. ‘मग ते गेले कुठे?’ या प्रश्नावर मुलांनी इतकी उत्तरे दिली की ठरवलेले दुसरे पुस्तक उघडावेच लागले नाही. (शेपूट पडत नाही, ते हळूहळू शरीरातच जिरते, हे मुलांना जरूर सांगावे.)

पुस्तके दोनच घ्यावीत, तिसरे हाताशी असू द्यावे. चित्र शेवटच्या रांगेतून ओळखू येईल एवढे मोठे आणि पानावर मजकूर दोन-तीन ओळींचा असावा; एखादी ओळ पुन्हा पुन्हा येत असेल तर फारच उत्तम, कारण तिसऱ्या वेळी मुले ती स्वतःच म्हणतात. वाचणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून बसू नये, अन्यथा उजेड मुलांच्या डोळ्यांवर येतो आणि चित्र काळवंडते.

उत्तर २:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र चित्रे आधी तपासून घ्यावीत. अनेक पुस्तकांत कोणतेही माकड शेपटाने फांदीला लटकलेले दाखवतात. प्रत्यक्षात ही कला अमेरिका खंडातील काही जातींनाच साधते.

जिवंत कासव आणू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. कासव निरोगी दिसत असले तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला जीवाणू असू शकतात आणि ५ वर्षांखालील मुलांना त्यांचा धोका अधिक असतो. शिवाय पंधरा जोडी हातांमध्ये त्या बिचाऱ्याचे काय होईल, याचाही विचार व्हावा.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. कासवाचा बेत रद्द केला असून ‘शेपूट’ हाच विषय घेते. मुखवटा पूर्णपणे टाळावा का?

उत्तर १:
टाळण्याची गरज नाही. तो आधी मुलांच्या हाती द्यावा, उलटसुलट पाहू द्यावा आणि मग त्यांच्या देखत, बोलत बोलत चढवावा, म्हणजे आत कोण आहे याची त्यांना खात्री राहते. पहिली डरकाळीही मुलांनाच फोडू द्यावी.