फातोर्ड्याच्या अंतिम सामन्याला जावे का? बेळगावकडून जाऊन आलेल्यांचा अनुभव हवा आहे

खानापूरकर (14 मार्च 2023)

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी, 18 मार्चला, इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर बेंगळुरू एफसी आणि एटीके मोहन बागान यांच्यात होणार असून माझा पुतण्या तो पाहायला जायचेच म्हणून हटून बसला आहे. रविवारी रात्री बेंगळुरूने मुंबईला टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांत, 9-8 असे हरवले, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. त्याची दहावीची परीक्षा 31 तारखेला सुरू होते आहे, त्यामुळे वहिनींचे मन वळवण्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले आहे.

मी आजवर फुटबॉल पाहिला तो बेळगावच्या लेले ग्राउंडवर आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे तिथले पेठांचे संघ समोरासमोर असले की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ सकाळपासूनच कशी उकळत असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. तिथे सामना ही दिवसाची अखेर असते, सुरुवात नव्हे. फातोर्ड्यात असा दिवस असतो का, की तिकीट दाखवून खुर्चीत बसायचे आणि शिट्टी झाली की घरी यायचे? दोन्ही संघ बाहेरचे असताना वातावरण निर्माण होते का? आणि आपण नेमके कोणाच्या बाजूने बसायचे? बेंगळुरू आपल्या राज्याचा संघ खरा, पण माझ्या पिढीने मनापासून जयघोष केला तो पेठांच्या नावाने.

टिळकवाडीचा प्रेक्षक

खानापूरकर, अवश्य जा. मी या मैदानावर दोन अंतिम सामने पाहिले आहेत आणि दोन्ही वेळा सामन्याइतकाच आधीचा दिवस लक्षात राहिला आहे.

20 डिसेंबर 2015 रोजी गोवा विरुद्ध चेन्नई अशी लढत होती. दुपारपासून फातोर्ड्याच्या रस्त्यांवर गोव्याच्या समर्थकांशिवाय काही दिसत नव्हते; ढोल, कर्णे, चेहरे रंगवणारी मुले आणि एका कोपऱ्यात शांतपणे रॉस ऑम्लेटचा रस्सा ढवळणारा गाडेवाला, असा तो थाट होता. 87 व्या मिनिटाला जोफ्रेने गोल करून गोव्याला 2-1 असे पुढे नेले, तेव्हा आमचे मेहुणे ‘गर्दी व्हायच्या आत गाडी काढून ठेवतो’ असे सांगून बाहेर पडले. पुढच्या पाच-सहा मिनिटांत गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या नावावर स्वयंगोल लागला, मग मेंडोझाने तिसरा गोल केला आणि चषक चेन्नईला गेला. मेहुणे गाडी सुरू करून विजयाच्या मिरवणुकीची वाट पाहत बसले होते. त्यांना ते सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

दुसरा सामना गेल्या वर्षीचा, हैदराबाद विरुद्ध केरळ. दोन्ही संघ बाहेरचे असताना वातावरण निर्माण होते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मडगावात चालत फिरत होते. केरळचे पिवळे सदरे इतके होते की मल्याळम येत नसलेल्यालाच आपण परगावचे आहोत असे वाटावे. टायब्रेकरमध्ये हैदराबादसाठी तीन पेनल्टी अडवल्या त्या याच कट्टीमनीने, याच मैदानावर. आडनाव आपल्या उत्तर कर्नाटकातले, खेळ गोव्यात घडलेला. मी तर त्या रात्री त्याच्याच बाजूने होतो. तेव्हा बाजू कोणती घ्यावी याची काळजी करू नका, ती तिथे गेल्यावर आपोआप ठरते.

माहेर मडगाव

मी लग्नानंतर शहापुरात स्थायिक झाले असले तरी माझे माहेर मडगावात, स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गोव्याचा प्रेक्षक शनिवारी कोणाच्या बाजूने असेल, हे आमच्या घरातही ठरलेले नाही. बागानचा लिस्टन कुलासो मडगावला लागूनच असलेल्या दवर्लीचा, म्हणजे घरचाच मुलगा. पण बागानचे प्रशिक्षक हुआन फेरांडो 2021 च्या डिसेंबरमध्ये ऐन हंगामात एफसी गोवा सोडून तिकडे गेले, ते माझ्या भावाने अजून माफ केलेले नाही. तो लिस्टनने गोल करावा आणि बागानने हरावे, अशी प्रार्थना करणार आहे.

व्यवहाराचे थोडे सांगते. सामना साडेसात वाजता असला तरी चारपर्यंत पोहोचावे, कारण बाहेरची गंमत पाचनंतर दाटीत हरवते. पाण्याची बाटली, हेल्मेट, खाण्याचे डबे दारावर काढून घेतात आणि परत मिळण्याची आशा धरू नये. त्यातच शिगम्याचे दिवस आहेत, त्यामुळे गोव्यात संध्याकाळी कुठे मिरवणुकीने रस्ता अडेल सांगता येत नाही. गाडी लावायला जागा मिळाली नाही, तर माझ्या भावाच्या अंगणात लावा. पत्ता खासगी निरोपाने कळवते.

निपाणीचा निवृत्त क्रीडाशिक्षक

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. शाहू स्टेडियमवरचा उत्साह तालमीतून येतो, मुलगा ज्या गल्लीत वाढतो त्या गल्लीतून येतो. लीगच्या मैदानाबाहेर जाहिरातदारांनी मांडलेल्या खेळांच्या मांडवात मला तो सापडला नाही. तरीही पुतण्याला न्यावे, कारण उत्तम दर्जाचा खेळ प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मुलाला मैदानाची रुंदी कळत नाही. दूरचित्रवाणी फक्त चेंडू दाखवते.

एक मात्र कळकळीने सांगतो, दुचाकीवरून जाऊ नका. गेल्या वर्षी याच अंतिम सामन्यासाठी केरळहून दुचाकीवर निघालेले दोन तरुण वाटेतच अपघातात गेले. चोर्ल्याचा घाट असो वा अनमोडचा, सामना संपवून मध्यरात्री उतरण-चढण करण्यापेक्षा मुक्काम करून सकाळी निघावे.

खानापूरकर (20 मार्च 2023)

जाऊन आलो. आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, म्हणून सविस्तर कळवणे माझे कर्तव्य आहे.

शनिवारी सकाळी रामनगर, अनमोड, मोले असे चारचाकीने उतरलो. वहिनींनी परवानगी दिली ती गणिताचे पुस्तक गाडीत असेल या अटीवर. ते संपूर्ण प्रवासात मागच्या काचेपाशी ऊन खात पडून होते. साडेतीनला मडगावात शिरलो, तर स्टेडियमच्या आसपास गाडी उभी करण्याची सोयच उरली नव्हती, तेव्हा ताईंच्या भावाचे अंगण कामी आले.

बाहेरचे दृश्य मी शाहू स्टेडियमशी ताडून पाहत होतो. गुलाल नव्हता, हलगी नव्हती. पण बेंगळुरूच्या निळ्या सदऱ्यांचा एक मोठा जथा ढोल वाजवत, हात उंचावून एका ठेक्यात टाळ्या देत येत होता आणि समोरून हिरव्या-मरून रंगातले बागानवाले येत होते, त्यांत साठीच्या पुढचे कितीतरी होते. रांगेत आमच्या पुढे असलेल्या एका बंगाली आजोबांनी पुतण्याला 1911 साली अनवाणी खेळणाऱ्या बागानने इंग्रज पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शिल्ड ही स्पर्धा कशी जिंकली, ते हिंदीतून असे सांगितले की जणू ते स्वतः त्या दिवशी राखीव खेळाडू होते. गुरुजी, मांडवातल्या खेळांबद्दल आपले म्हणणे मला पटले. पण त्या आजोबांची गल्ली कोलकात्यात असली तरी ती गल्लीच होती.

बेळगावहून घेतलेला कुंदा आत नेता येणार नाही, हे ताईंनी सांगितले असूनही मी पिशवीत ठेवला होता. दारावर टाकून देण्यापेक्षा रांगेतच वाटून टाकला. बंगाली माणसाला दुधाची मिठाई देणे म्हणजे परीक्षेलाच बसणे. आजोबांनी डोळे मिटून चव घेतली, ‘थोडा ज्यादा भुना है’ असा निर्णय दिला आणि दुसरा तुकडा मागितला.

सामन्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो आपण पाहिलाच असेल. सुरुवातीच्याच मिनिटांत बेंगळुरूचा शिवशक्ती जखमी होऊन बाहेर गेला आणि सुनील छेत्री मैदानात उतरला, तेव्हा निळ्या बाजूने जो आवाज उठला, त्याने पुतण्याची बाजू ठरली. पेट्राटोसने पेनल्टीवर बागानला पुढे नेले, मध्यंतरापूर्वी छेत्रीने पेनल्टीवरच बरोबरी केली, 78 व्या मिनिटाला रॉय कृष्णाने बेंगळुरूला आघाडी दिली. माझ्या शेजारचे गृहस्थ उठून निघू लागले. मी त्यांना टिळकवाडीच्या मेहुण्यांची गोष्ट सांगून खाली बसवले. 85 व्या मिनिटाला पेट्राटोसने पुन्हा पेनल्टीवर 2-2 केले. टायब्रेकरमध्ये बागानचा गोलरक्षक विशाल कैथने बेंगळुरूच्या ब्रुनोचा फटका अडवला, त्यांच्याच पाब्लो पेरेझने चेंडू बाहेर मारला आणि बागान 4-3 ने जिंकले. लिस्टनने आपली पेनल्टी मारली तेव्हा निळे सदरे घातलेल्या काही गोवेकरांनीही टाळ्या दिल्या. ताईंच्या भावाची अर्धी प्रार्थना फळाला आली म्हणायची.

पुतण्या तासभर बोलला नाही. बाहेर ते आजोबा पुन्हा भेटले, पण ते जिंकण्यापेक्षा दुसऱ्याच बातमीने आनंदाने रडत होते. पुढच्या हंगामापासून दुसऱ्या संघाशी झालेल्या विलीनीकरणामुळे नावात आलेले ‘एटीके’ जाणार आणि संघ मोहन बागान सुपर जायंट्स होणार, अशी घोषणा मालकांनी केली होती. चषकाला ते जेमतेम पाहत होते.

मुक्काम करून रविवारी दुपारपर्यंत घरी आलो. गणिताचे पुस्तक आता उघडले आहे.

माहेर मडगाव

छान लिहिलेत. आपला कुंद्याचा स्टीलचा डबा भावाच्या अंगणातल्या कट्ट्यावर राहिला आहे. मी पाडव्याला माहेरी जाणार आहे, येताना घेऊन येईन. डबा रिकामा परत पाठवू नये असा आमच्याकडे रिवाज असल्याने पुतण्याला आमची गोव्याची मिठाई दोदोल आवडते का, तेवढे कळवावे.